गुण आणि गुणासारखे

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहानंतर महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते. तिथून ते साबरमती आश्रमातल्या मंडळींना दर आठवड्याला एकेका व्रतावर पत्र लिहीत. सत्य, अहिंसा, ब्रह्मचर्य, अस्वाद, अस्तेय, अपरिग्रह, अभय, अस्पृश्यतानिवारण, शरीरश्रम, सर्वधर्मसमभाव अशी ती मालिका आहे. पत्रे मंगळवारच्या पहाटेची, म्हणून पुढे त्यांच्या संग्रहाला ‘मंगल प्रभात’ हे नाव पडले. या मालिकेत नम्रतेवरही एक पत्र आहे, पण नम्रता हे काही व्रत नव्हे, हे सांगण्यासाठी ते लिहिलेले आहे. आश्रमाच्या नियमावलीचा मसुदा पूर्वी स्नेह्यांकडे पाठवला होता, तेव्हा कोलकात्याचे सर गुरुदास बॅनर्जी यांनी व्रतांमध्ये नम्रताही घालावी असे सुचवले होते. ती सूचना स्वीकारली गेली नाही. नम्रता ठरवून आचरता येत नाही आणि तसा प्रयत्न केला तर माणूस दंभाच्या वाटेला लागतो, असा गांधीजींच्या म्हणण्याचा आशय आहे. खरे बोलण्याचा निश्चय करता येतो, जिभेला आवर घालण्याचा सराव करता येतो. नम्र माणसाला मात्र आपण नम्र आहोत याचा पत्ताच नसतो.

सद्गुणांवरच्या पुस्तकाची सुरुवात या पत्रापासून करावीशी वाटली, कारण त्यात एक महत्त्वाची गोष्ट मान्य केलेली आहे. सगळे सद्गुण एका जातीचे नसतात. काही संकल्पाने अंगी येतात, काहींना संकल्पाची सावलीही चालत नाही. काही एकांतात वाढतात, काहींना समोर दुसरा माणूस लागतो. आणि जवळजवळ प्रत्येक सद्गुणाच्या शेजारी हुबेहूब त्याच्यासारखे दिसणारे असे काही उभे असते, की ते ओळखण्यात भल्याभल्यांची फसगत होते. आपल्याकडे सद्गुणांची शिकवण भरपूर झाली. शाळेच्या फळ्यावरचे सुविचार, कीर्तने, बोधकथा, निरोपसमारंभातली भाषणे, कशाचीच वाण नाही. पारख मात्र त्या मानाने फार कमी झाली. ती करताना मला जे सर्वांत मोलाचे वाटले ते आधीच सांगून टाकतो. सद्गुण ही माणसाने स्वतःला लावायची कसोटी आहे. बळ असलेला माणूस ती बळ नसलेल्याला लावू लागला की गुणाचे नाव तेच राहते, काम पालटते. पुढच्या साऱ्या प्रकरणांतून हाच धागा गेलेला आहे.

आधी व्याख्येचे पाहू. एकदा खरे बोलला म्हणून कोणी सत्यवादी ठरत नाही आणि एकदा पळून गेला म्हणून कोणी कायमचा भित्रा होत नाही. आपण गुण म्हणतो तो एखाद्या कृतीचा नसतो, माणसाच्या घडणीचा असतो. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाकियन एथिक्स’ या ग्रंथात हे फार नेमके मांडले आहे. घरे बांधूनच माणूस गवंडी होतो आणि वीणा वाजवूनच वादक होतो, तसा न्यायाची कृत्ये करता करता तो न्यायी होतो. जन्मतः आपल्यात गुण नसतात आणि ते आपल्या स्वभावाविरुद्धही नसतात. ते अंगी बाणवण्याची क्षमता तेवढी असते आणि ती सवयीने पुरी होते. त्याने आणखी एक खूण सांगितली आहे, ती मला जास्त उपयोगी वाटते. गुण अंगी मुरला आहे की नाही हे त्या कृत्यात माणसाला आनंद वाटतो की क्लेश, यावरून कळते. देताना ज्याचा जीव तुटतो त्याने दान दिले हे खरे, पण औदार्य अजून त्याच्या वस्तीला आलेले नाही. याचा अर्थ त्याने देणे थांबवावे असा मुळीच नाही. तो वाटेवर आहे, आणि वाटेवर असणाऱ्याला ढोंगी म्हणणे हा अन्याय होईल.

ॲरिस्टॉटलचा मध्यममार्ग सर्वांना ऐकून माहीत असतो. भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधे शौर्य, कंजूषपणा आणि उधळेपणा यांच्या मधे औदार्य. पण हा मध्य म्हणजे दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागणे नव्हे, हे त्याने स्वतःच बजावले आहे. दहा माप अन्न फार होते आणि दोन माप कमी पडते, म्हणून तालीममास्तराने सरसकट सगळ्यांना सहा माप द्यावे असे होत नाही. मिलो नावाच्या प्रसिद्ध मल्लाला ते अपुरे पडेल आणि नुकत्याच आखाड्यात उतरलेल्या पोराला जास्त होईल. कोणासाठी, केव्हा, किती आणि कशासाठी हे ठरवणारी बुद्धी नसेल तर बाकीचे गुण आंधळे राहतात. आपल्या परंपरेत तिला विवेक म्हणतात. विवेकाला मी इतर गुणांच्या ओळीत बसवलेले नाही. तो बाकी सर्वांच्या आत असावा लागतो.

सद्गुणांच्या याद्या जगात पुष्कळ आहेत. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये शहाणपण, शौर्य, संयम आणि न्याय असे चार, सेंट पॉलच्या पत्रात श्रद्धा, आशा आणि प्रेम असे तीन, ख्रिस्ती धर्मचिंतकांनी पुढे दोन्ही मिळवून केलेले सात. पतंजलीचे पाच यम, जैनांची पाच व्रते, बौद्धांच्या दहा पारमिता, गीतेच्या सोळाव्या अध्यायातली सव्वीस गुणांची दैवी संपत्ती. अलीकडच्या काळात मार्टिन सेलिगमन आणि ख्रिस्तोफर पीटरसन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली चोवीस गुणांची सहा गटांत मांडणी केली. या याद्यांची तुलना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि त्यात रमायला मलाही आवडते. पण यादी पाठ झाल्याने पारख येत नाही, म्हणून इथे त्यात शिरत नाही.

पारखीसाठी सर्वांत धारदार साधन मला एका पाली ग्रंथात सापडले. पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. मराठी माणसाला या ग्रंथाचे अगत्य वाटावे याला एक खास कारण आहे. गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या उपदेशाच्या शोधात घर सोडून निघाले, श्रीलंकेत जाऊन पाली शिकले, आणि पुढे हार्वर्डमध्ये हेन्री क्लार्क वॉरन यांचे अपुरे राहिलेले या ग्रंथाच्या संपादनाचे काम त्यांनी पुरे केले. त्या कामासाठी त्यांनी जे सोसले ते ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मचरित्रात वाचायला मिळते. चिकाटी म्हणजे काय याचा इतका साधा, अभिनिवेशाचा लवलेश नसलेला पुरावा मराठीत दुसरा क्वचितच असेल.

बुद्धघोष मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांविषयी सांगताना प्रत्येकीचे दोन शत्रू सांगतो, एक लांबचा आणि एक जवळचा. लांबचा शत्रू उघड असतो. मैत्रीचा लांबचा शत्रू द्वेष, करुणेचा क्रौर्य. त्यांना ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही. जवळचा शत्रू मात्र गुणाच्याच वेषात येतो. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती: आपले म्हणून जीव लावणे आणि आपले राहिले नाही की तो काढून घेणे. करुणेचा जवळचा शत्रू शोक. दुसऱ्याचे दुःख पाहून आपण हळवे होतो, डोळे भरून येतात, आणि त्या हळवेपणातच इतके गुंततो की दुःखी माणूस बाजूलाच राहतो. दुसऱ्याचे चांगले झालेले पाहून होणारा आनंद म्हणजे मुदिता. आपल्याच माणसाच्या बढतीने, आपल्याच मुलाच्या गुणांनी येणारी घरगुती खुशी तिच्या जागी येऊन बसते. आणि उपेक्षा, म्हणजे समतोल चित्त, हिचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. आपल्याला काय त्याचे, असे म्हणून रस्त्यावरच्या मारहाणीकडे पाठ फिरवणारा स्वतःला स्थितप्रज्ञ समजू शकतो.

ही मांडणी वाचल्यापासून मी प्रत्येक गुणापाशी थांबून त्याच्या जवळच्या शत्रूचा शोध घेतो. स्पष्टवक्तेपणाच्या शेजारी दुसऱ्याला बोचकारण्याचे सुख असते. काटकसरीच्या शेजारी कद्रूपणा असतो. निष्ठेच्या शेजारी डोळे मिटून घेणे असते, आणि क्षमेच्या शेजारी भांडण टाळण्याची भीती. शिस्तीच्या शेजारी काय असते हे आपल्या शाळांमधून वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. बाहेरून पाहणाऱ्याला गुण आणि त्याचा शेजारी यांत फरक दिसेलच असे नाही. दोघेही तेच शब्द वापरतात, बऱ्याचदा तेच कृत्य करतात. फरक पडतो तो कृत्याच्या पुढे काय घडते त्यात. भयापोटी केलेली क्षमा अपराध्याला मोकाट सोडते आणि क्षमा करणाऱ्याच्या मनात वर्षानुवर्षे आंबत राहते.

बाहेरच्या आणि आतल्या रूपांचा हा संबंध मराठीत सर्वांत खोलात जाऊन कोणी पाहिला असेल तर तो ज्ञानेश्वरांनी. ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय हा माझ्या मते सद्गुणांवरचा मराठीतला पहिला आणि आजही सर्वांत समृद्ध ग्रंथ आहे. गीतेत अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती, आर्जव अशी नुसती नावे पाठोपाठ येतात. एकेका नावाला ज्ञानेश्वर इतका वेळ देतात की मूळ श्लोक कोठे होता याचा विसर पडावा. अहिंसेपाशी आल्यावर ते आधी अहिंसेच्या नावाने चाललेल्या गोष्टींचा समाचार घेतात. हिंसा करूनच अहिंसा साधू पाहणारे यज्ञ, एका जिवाला वाचवण्यासाठी दुसऱ्या जिवाचा घात करणारे औषधोपचार, असे एकेक मत ते तपासतात. आणि मग त्या माणसाचे वर्णन सुरू करतात ज्याच्या अंगी अहिंसा खरोखर बाणली आहे.

ते वर्णन सिद्धांताचे नाही, चालण्याबोलण्याचे आहे. हा माणूस जमिनीवर पाऊल कसे टेकतो, याच्यासाठी कमळावर उतरताना केसर चुरगळतील म्हणून जपणाऱ्या भुंग्याची उपमा येते. तो बोलण्याआधीच त्याची माया समोरच्यापर्यंत पोहोचते. त्याचे हात एरवी स्वस्थ असतात. उचलले गेलेच तर जोडण्यासाठी, कोणाला अभय देण्यासाठी किंवा दुखावलेल्याच्या अंगावरून फिरण्यासाठी. मनात जे असते तेच इंद्रियांतून बाहेर येते, म्हणून मनातली अहिंसा हातापायांतून दिसल्याशिवाय राहत नाही, असा त्यामागचा विचार आहे. ऐन तारुण्यातल्या एका मुलाने, ज्याला समाजाने संन्याशाचे पोर म्हणून वाळीत टाकले होते, नेवाशाला १२९० साली हे सांगावे याचे मला आजही नवल वाटते. अहिंसेच्या वर्णनात अभय देणारा हात त्याला आवर्जून का आठवला असेल, याचा विचार वाचकाने अवश्य करावा.

एकच गुण घेऊन त्याच्या खोलात जाणे हे एक काम. दोन गुण एकमेकांच्या आड आले की दुसरे काम सुरू होते, आणि ते जास्त अवघड आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ आपण कर्मयोगाचा ग्रंथ म्हणून ओळखतो. त्यातले ‘कर्मजिज्ञासा’ हे दुसरे प्रकरण मात्र सरळसरळ सद्गुणांच्या झगड्यांचे प्रकरण आहे. अहिंसा श्रेष्ठ खरी, पण अंगावर शस्त्र घेऊन धावून येणाऱ्याचे काय? अस्तेय श्रेष्ठ खरे, पण दुष्काळात प्राण जात असता विश्वामित्राने केलेल्या चोरीचे काय? कर्णपर्वातल्या कौशिकाची गोष्ट तर विसरण्यासारखी नाही. नेहमी खरे बोलण्याचे व्रत घेतलेला हा तपस्वी. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे त्याच्या डोळ्यांदेखत रानात लपली. मागून आलेल्या दरोडेखोरांनी विचारले आणि याने खरे ते सांगितले. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ साली अगदी अशाच प्रसंगावर लिहिताना उलट कौल दिला. खुन्याने विचारले तरी खोटे बोलण्याचा अधिकार माणसाला नाही, असे त्याचे म्हणणे. मी महाभारताच्या बाजूने आहे. कौशिकाने सत्य सोडले नाही, पण ते कोणासाठी आहे हे तो विसरला. त्याचे लक्ष स्वतःच्या व्रतावर होते, झुडपामागे लपलेल्या माणसांवर नव्हते. गुण स्वतःच्या निष्कलंकपणाची राखण करण्यापुरता उरला की तो दुसऱ्याच्या जिवावर उठू शकतो. सार्वजनिक जीवनात असे कौशिक कमी नाहीत: नियमाला धरून वागणारे, हात स्वच्छ असलेले, आणि त्या स्वच्छतेपायी कोणाचे तरी पेन्शन किंवा कोणाचे तरी रेशन वर्षभर अडकवून ठेवणारे.

आता जो प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. गुण कोणाकडून मागितला जातो?

गीतेच्या अठराव्या अध्यायात चार वर्णांची स्वभावजन्य कर्मे सांगितली आहेत. तिथे ब्राह्मणाच्या वाट्याला शम, दम, तप, शुचिता, क्षमा, सरळपणा असे गुण येतात. क्षत्रियाच्या वाट्याला शौर्य, तेज, धैर्य, दान. वैश्याची पाळी येते तेव्हा शेती, गोपालन आणि व्यापार एवढेच येते, आणि शूद्राच्या वाट्याला फक्त सेवा. पहिल्या दोघांना गुण मिळाले, नंतरच्या दोघांना कामे. क्षमा किंवा धैर्य ही शेतकऱ्याच्या अंगीही असू शकतात हे सांगायला तिथे जागाच ठेवलेली नाही. ही केवळ आपल्या भूमीची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. ज्या ॲरिस्टॉटलकडून आपण सवय आणि मध्य शिकलो, तोच ‘पॉलिटिक्स’मध्ये सांगतो की राज्य करणाऱ्याचा गुण पूर्ण असावा, गुलामाला आपले काम बिघडू नये इतपत पुरे. स्त्रीचे भूषण मौन, हे कवीचे वचनही तो तिथे संमतीने देतो. अथेन्समध्ये आणि आपल्याकडे सारखेच घडले. वरच्यांसाठी घडण, खालच्यांसाठी आज्ञाधारकपणा, आणि दोन्हींना नाव सद्गुणाचेच.

या वाटणीला मराठीतून मिळालेले उत्तर हा आपल्या विचारविश्वाचा अभिमानाचा भाग आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. ती पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या अनीतीवर तोंडसुख घेणे सुरूच राहिले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्या संतापातून १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. जे जे दुर्गुण स्त्रीचे म्हणून सांगितले जातात ते एकेक उचलून, ते पुरुषात किती आहेत असे त्या विचारत जातात. पातिव्रत्य हा गुण असेल तर तो एकीकडेच का? त्यांचा युक्तिवाद नुसता समानतेच्या मागणीपुरता नाही. गुण पारखणाराच पारखीतून सुटला आहे, यावर त्यांचे बोट आहे. जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू उघडपणे घेतली, आणि ती नुसत्या शब्दांनी नव्हे. विजयालक्ष्मीसारख्या स्त्रियांवर काय वेळ येते हे ओळखून फुले दांपत्याने १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. जोतीरावांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात सत्याने वागणारा कोण याची चर्चा येते, आणि ती स्त्री आणि पुरुष दोघांना एकाच मापाने धरून येते.

सावित्रीबाईंच्या सहनशीलतेचा उल्लेख प्रत्येक भाषणात होतो. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेणमाती फेकली जाई आणि त्या जास्तीचे लुगडे बरोबर नेत, असे सांगतात. ही सहनशीलता आणि सासरी निमूटपणे सोसणाऱ्या सुनेकडून अपेक्षिलेली सहनशीलता या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. वरून दोन्ही सारख्या दिसतात. पण सावित्रीबाईंनी सोसले ते स्वतः निवडलेल्या कामासाठी. शेण फेकणाऱ्यांनी ती सहनशीलता त्यांच्याकडे मागितली नव्हती, त्यांना तर सावित्रीबाईंनी घरी बसायला हवे होते. सुनेकडून मात्र सोसणे हेच गुण म्हणून मागितले जाते, आणि मागणारे तेच असतात ज्यांच्यामुळे सोसावे लागते. एकीच्या सोसण्यातून शाळा चालू राहिली, दुसरीच्या सोसण्यातून छळ चालू राहतो. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्या चरित्रात करुणा, धैर्य आणि सहनशीलता वेगळ्या काढून दाखवता येत नाहीत. मुलींना उद्देशून त्यांचे नाव घेताना निदान त्यांच्या सहनशीलतेचा उपयोग गप्प बसवण्यासाठी होऊ नये, एवढे आपण पाहायला हवे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत चोरी न करणे, खोटे न बोलणे, दारू न पिणे, प्राणिमात्रांवर दया करणे, दहा पारमिता पाळणे असे सगळे आहे. एखाद्या प्राचीन यादीत शोभावे असे. पण त्यांचा क्रम पाहावा. सर्व माणसे समान आहेत आणि ती समता स्थापन करण्यासाठी मी झटेन, या प्रतिज्ञा पारमितांच्या आधी येतात. ज्याला हजारो वर्षे सेवा हाच गुण म्हणून सांगितला गेला, त्याने शील स्वीकारण्याआधी आपण कोणापेक्षा कमी नाही हे स्वतः उच्चारायचे आहे. मगच त्याचे शील त्याचे स्वतःचे होईल. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा यांना धम्माचे आधार मानले आणि मैत्री प्रेमाहूनही व्यापक असल्याचे सांगितले. समतेचा लढा देणाऱ्याने अखेरच्या वर्षांत मैत्रीवर इतका भर द्यावा, यात काही जणांना विसंगती दिसते. मला त्यात पूर्ण सुसंगती दिसते. बरोबरीच्या माणसांतच मैत्री होऊ शकते. खालच्यावर होते ती मेहेरबानी.

गुण परिस्थितीवर किती अवलंबून असतो, हाही प्रश्न टाळता येत नाही. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ साली प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवले. त्यांतल्या काहींना वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीवरच बोलायचे होते. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. भाषणाचा विषय कोणता आहे याने थांबण्यात लक्षणीय फरक पडला नाही. घाई किती आहे याने पडला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला आले, ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यातले फक्त १० टक्के.

या प्रयोगावरून सद्गुण असे काही नसतेच, असा निष्कर्ष काही अभ्यासकांनी काढला. तो मला पटत नाही. करुणेला वाट मोकळी लागते एवढेच त्यातून सिद्ध होते, आणि ती मोकळी करणे हे समाजाचे काम आहे. आपल्याकडे रस्त्यावरच्या अपघातात लोक जखमीजवळ थांबत नसत ते सगळे निर्दय होते म्हणून नव्हे. पोलिसांचे प्रश्न, दवाखान्यात भरायला लागणारे पैसे, मग कोर्टाच्या फेऱ्या, याची धास्ती होती. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात त्यासाठी नवे कलम आले. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला आता नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, त्याला अडकवून ठेवता येत नाही. अजून खूप जणांना हे माहीत नाही. ज्यांनी ते माहीत करून घेतले आणि चार जणांना सांगितले, त्यांनीही करुणेचेच काम केले असे मी मानतो. माणसाच्या घडणीइतकाच त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेचा विचार सद्गुणांच्या पुस्तकात व्हायला हवा, तो इथे केला आहे.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सोळाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी दैवी गुणांची कल्पना एका सेनेसारखी केली. निर्भयता आघाडीला आणि नम्रता पिछाडीला, कारण यादीत अभय पहिले येते आणि गर्वाचा अभाव शेवटी. मागून येणारा हल्ला अहंकाराचा असतो, म्हणून तिथे नम्रतेचा पहारा. प्रकरणांचा क्रम लावताना मी या रचनेचा आधार घेतला आहे. पहिले प्रकरण निर्भयतेवर आहे. भ्यालेल्या माणसाचे सत्य, क्षमा आणि आज्ञापालन, तिन्ही पारखताच येत नाहीत. त्यानंतर सत्य, संयम, अपरिग्रह, न्याय, करुणा, मैत्री. शेवटी नम्रता.

ती प्रवचने टिपणाऱ्या साने गुरुजींविषयी एक वेगळे प्रकरण आहे, आणि ते लिहिताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. मृदू मनाचा, ‘श्यामची आई’ लिहिणारा, पटकन डोळे भरून येणारा हा माणूस १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसला आणि मंदिर खुले करण्याचे मान्य होईपर्यंत मागे हटला नाही. मृदुपणाचा जवळचा शत्रू दुबळेपणा असतो. त्या दोहोंतली सीमारेषा कोठे आहे, हे शब्दांत पकडण्याचा प्रयत्न त्या प्रकरणात आहे.

संतोषाला स्वतंत्र प्रकरण नाही, हे काही वाचकांना खटकेल. संतोषाची चर्चा अपरिग्रहाच्या प्रकरणात आहे आणि तिथेच ती असावी असे मला वाटते. ज्याच्याकडे गरजेहून जास्त आहे त्याने हात आवरणे, या अर्थाने संतोष मोलाचा आहे. ज्याच्या ताटात पुरेसे नाही त्याला संतोष शिकवण्याचा अधिकार मला कोणत्याही ग्रंथात नीट सिद्ध झालेला आढळला नाही.

प्रकरणे क्रमानेच वाचावीत असा आग्रह नाही. ज्याला जो गुण जवळचा वाटतो तिथून सुरुवात करावी. न्यायाचे प्रकरण तेवढे करुणेच्या आधी वाचावे, अशी विनंती आहे.